कोरिनच्या जागी

लॉस एंजेलिस, ६ मार्च २०१७

कोरिन,

तू माझा फोन घेत नाहीस. हरकत नाही. हे पत्र लॉनीच्या बॅगेत घालून पाठवते आहे. तो बुधवारी बुडापेस्टला निघतोय, तुमच्याच सिनेमावर तारा आणि दोर बांधायला. तो हे तुझ्या हातात देईल आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. आत्ता त्याला स्वयंपाकघरात बसवून राजमा-भात वाढला आहे. तिसऱ्यांदा घेतोय. खाल्ल्या अन्नाला जागेल.

आधी भांडणाचं संपवते. ऑक्टोबरमध्ये युनियनच्या सभेत मी तुझं नाव घेतलं, म्हणून तू बोलणं टाकलंस. नाव घेतलं, कारण तू तिथे होतीस. काळ्या नटीची डुप्लिकेट म्हणून काम तुला दिलेलं होतं. ऐन वेळी एका गोऱ्या मुलीच्या तोंडाला आणि हातापायांना तपकिरी रंग फासून गाडीवरून उडी तिला मारायला लावली. तू व्हॅनमध्ये बसून राहिलीस आणि दिवसाची मजुरी घेऊन घरी आलीस. मी त्या कमिटीची अध्यक्ष आहे. साक्षीदाराचं नाव विचारल्यावर मी काय भिंतीकडे बघत बसायचं होतं? तुला विचारायला हवं होतं, असं तुझं म्हणणं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. त्यानंतर चार महिने तुझा फोन वाजला नाही, हे मला माहीत आहे. माझा सहा वर्षं वाजला नव्हता.

आता हा सिनेमा मिळाला आहे. नायला ब्रॅकेटची डुप्लिकेट. मला आनंद झाला. लिहिते आहे, म्हणजे झाला आहे.

पण लॉनीने जिन्याचं सांगितलं. किल्ल्याचा खराखुरा जिना, आणि वरच्या पायरीपासून खालच्या फरशीपर्यंत पडणं, एका दमात, कॅमेरा मध्ये न थांबवता. मी तुला लहानपणी आपल्या मागच्या दाराच्या पायऱ्यांवर गाद्या टाकून पडायला शिकवलं. जिन्यावरून कसं पडायचं ते तुला कुणी सांगायला नको. माझा प्रश्न एवढाच आहे की अंगात काय असणार?

नायलाचे कपडे मी लॉनीच्या फोनवरच्या फोटोत पाहिले. अंतराळातल्या राणीची सेनापती म्हणे. चांदीच्या रंगाचं ओंजळभर कापड. कोपर उघडे, गुडघे उघडे, पाठ कमरेपर्यंत उघडी. माकडहाडावर बोटभर जाडीची पट्टीही लपायची नाही. तिच्या शेजारी तो हीरो घोट्यापर्यंत कोट घालून उभा आहे. त्याच्या कोटाखाली अख्खी गादी शिवता येईल. तो सिनेमाभर जितक्यांदा पडेल, गादीवरच पडेल. सेनापतीबाई लढाईला निघताना अशी कशी निघाली, ते तिला कुणी विचारलेलं दिसत नाही.

डेल हॉफ तुमचा स्टंट मास्टर आहे, असं कळलं. त्याला सांग की बाह्या हव्यात, नाहीतर विजार तरी हवी, नाहीतर पडणं तीन तुकड्यांत घ्या. तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे. घाबरट माणसाकडे लेखी मागायचं असतं.

थंडी असेल. उघड्या अंगाने काम करण्याआधी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ अंग गरम कर.

ममा


१७ मार्च

कोरिन,

तुझं उत्तर पोचलं. हॉटेलच्या कागदाच्या पाठीवर चार ओळी, त्यांचा लॉनीने पाठवलेला फोटो. मला थेट पाठवायचा नाही, म्हणून त्याच्या फोनवरून. बरं.

"ममा, विचारलं. कपडा बदलणार नाही. मी नाही म्हटलं तर इथे एनिको नावाची मुलगी तयार आहे. मेकअपवाल्याने तिच्या मनगटावर रंग लावून बघितलासुद्धा. त्यांना आपल्या तोंडून 'नाही'च ऐकायचं असतं, हे तूच म्हणायचीस ना?"

हो, मीच म्हणायचे.

आज शुक्रवार, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मटण चालत नाही, म्हणून कोळंबीचा गम्बो केला होता. पर्सीकाका बायकोला, विल्माला, घेऊन आला. म्हातारा ऐंशीला टेकला तरी डॉमिनो टेबलावर असा आपटतो की बशा उडतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तू रागावशील, पण दाखवलं.

"म्हणजे पोरगी पडतेय," पर्सीकाका म्हणाला.

"उघड्या अंगाने," मी म्हटलं.

"अगं, आपल्या बायकांना कपडे होते कधी?" विल्मा म्हणाली. "एकोणीसशे चौऱ्याऐंशीत मी पडले ती हातभर झग्यात. माझ्या मागून तो हीरोचा डुप्लिकेट पडला. त्याला कोपराला पॅड, गुडघ्याला पॅड, ढुंगणाला पॅड. सोफ्यासारखा दिसत होता मेला. उठून मलाच विचारतो, काय गं, लागलं का?"

"मग काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. काय म्हणणार? खुर्चीत दुसरा बाप्या रंग लावून, विग घालून तयारच बसलेला. माझ्या जागी! मिशा काढायला लावल्या होत्या बिचाऱ्याला. बायको घरात घेत नव्हती म्हणे."

आम्ही खूप हसलो. विल्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिला संडासला जायचं होतं, म्हणून पर्सीकाकाने डॉमिनो खाली ठेवले आणि तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं. हे तो गेली कित्येक वर्षं करतो आहे. तू लहान असल्यापासून बघतेस, त्यामुळे तुला त्यात काही दिसत नसेल. आज मला दिसलं.

परत आल्यावर तो मला म्हणाला, "अर्लिन, पोरीला हे शिकवलं कोणी? 'होय म्हण, आणि मग कसं करायचं ते शोध.' दर रविवारी जेवणाच्या टेबलावर ऐकवायचीस. आणि आता रडतेस?"

"मी रडत नाही."

"मग गम्बोत एवढं मीठ कुठून आलं?"

त्याचं उत्तर तुला देते. मी कॉलेजातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा माझ्यापेक्षा चांगली कोलांटी मारणारी बाई या शहरात नव्हती. पहिल्याच सिनेमावर मला सांगितलं की काळ्या बाया या कामाला मिळत नाहीत. मी समोर उभी होते. मला बघत बघत सांगितलं. म्हणून मी ठरवलं की आपल्याकडून नकार जायचा नाही. एका बाईने नाही म्हटलं, की पुढची दहा वर्षं ते तेच सांगत फिरणार: बघा, विचारलं होतं, त्यांनाच जमत नाही. हे मी तुला शिकवलं आणि ते खरं आहे. आजही खरं आहे.

पण नायलाचं काम काय आहे, तेही लॉनीने सांगितलं. तिला मोजून आठ वाक्यं आहेत. सिनेमाच्या मध्यावर तिला जिन्यावरून ढकलतात. ती मरते, हीरोला राग येतो, आणि मग त्याची गोष्ट खरी सुरू होते. आपल्या बायका पडल्याशिवाय त्यांच्या गोष्टी पुढे सरकत नाहीत. त्यासाठी तुझं माकडहाड मी देणार नाही.

नाही म्हण. एनिकोला रंगवू देत. तिला रंगवलं की मी इथे युनियनमध्ये बघते त्यांच्याकडे. ते काम माझं. पडण्याचं काम तुझं नाही.

मी जन्मात पहिल्यांदा असं सांगते आहे, हे ध्यानात घे.

ममा


२६ मार्च

कोरिन,

थोडक्यात लिहिते. तुझं उत्तर नाही, आणि लॉनी म्हणतो की तू रोज जिन्यावर तालीम करतेस.

डेलशी माझं बोलणं झालं. जुनी ओळख आहे. त्याच्या गुडघ्यांचं विचारलं. दुसऱ्या बायकोनेही सोडलं म्हणे. तुला कमीपणा येईल असं काही मी बोलले नाही.

एक-दोन दिवसांत जिन्याचं काम तुझ्याकडून काढतील. बाकीचं राहील: तारेवरचं, घोड्यावरचं, सगळं. मन मोठं करून ऐक आणि डेलशी वाद घालू नकोस. त्याच्यापाशी कारण आहे.

ईस्टरला घरी ये. तिकीट मी काढते.

ममा


९ एप्रिल

कोरिन,

एका वाक्याचं पत्र. "माझ्या मानेला काय झालंय, ममा?"

काही झालेलं नाही. तुझी मान उत्तम आहे.

मी डेलला आधी कपड्याचंच सांगितलं. तो म्हणाला, "अर्लिन, डिझाइनरच्या हातात आहे, माझ्या नाही." मी म्हटलं, मग तुकड्यांत घे. तो म्हणाला, डायरेक्टरच्या हातात आहे. मी म्हटलं, तुझ्या हातात काय आहे, डेल? तो म्हणाला, "पोरगी होय म्हणतेय गं. मी काय करू?" तेव्हा मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी गाडीच्या कामात तुझ्या मानेचा मणका चिरला होता, तू कुणाला कळू दिलं नाहीस आणि मला आई म्हणून राहवत नाही. त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हे तू मला सांगायला नको होतंस."

बरोबरच होतं त्याचं. आपल्या धंद्यात कुणी कुणाचं दुखणं सांगत नाही. नवरा बायकोचं सांगत नाही. पर्सीकाका मोडक्या बरगड्या घेऊन उड्या मारायचा आणि जेवणाच्या सुट्टीत विल्मा त्याच्या पाठीला बर्फ लावायची, पण तोंडातून शब्द नाही. कारण स्टंट मास्टर बाकी सगळ्याकडे काणाडोळा करू शकतो, मानेकडे नाही. एकदा कानावर पडलं की विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि कळवलं की माणूस पडण्याच्या कामावरून उतरलं. म्हणून तर मी मान निवडली.

आता हे इतर स्टंट मास्टरांच्या कानावर जाईल आणि तुझं नाव निघालं की कुणीतरी "पण तिची मान" म्हणेल, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, असं लिहिणार होते. तसं नाही. आधीच लक्षात आलं होतं. तरी सांगितलं.

आता एनिकोचं. लॉनीने मला फोन केला होता. तो तुझ्याशी याबद्दल बोलू शकत नाही, म्हणून माझ्याशी बोलला.

"पहिल्याच वेळी नीट पडली होती, मिस अर्लिन," तो म्हणाला. "माणसासारखी पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग पुन्हा कशाला?"

"डायरेक्टर म्हणाला, मध्येच विग सरकला, गोरी मान दिसते. मग मानेला रंग लावला. दुसऱ्या वेळी दंडावरचा रंग पायऱ्यांना लागला, पायऱ्या पुसल्या. तिसऱ्या वेळी त्या ओल्या होत्या."

ओटीपोटाखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं. स्ट्रेचरवर घेताना लॉनीच्या बाह्या तपकिरी झाल्या. नायलाने हॉस्पिटलात फुलं पाठवली. तिची आई कुठल्याशा गावाहून बसने आली. तिला इंग्रजी येत नव्हतं. मुलीचा रंग बघून ती आधी पुढच्याच खाटेकडे गेली, असं लॉनी म्हणाला. मग मुलीने हाक मारली.

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

तिचं वय मी विचारलं होतं. इथे लिहीत नाही.

आज झावळ्यांचा रविवार. चर्चमधून येताना तुझीही झावळी घेतली, ती दारावर लावली आहे. तू ईस्टरला येणार नाहीस, हे मला कळतं. तुला कळावं म्हणून लिहिते: त्या स्ट्रेचरवर तू असतीस. लॉनीचा फोन आल्यावर माझ्या मनात पहिला विचार हाच आला. दुसरा विचार यायला दुसरा दिवस उजाडला.

ममा


२२ जून

कोरिन,

अटलांटाचा पत्ता पर्सीकाकाने दिला. तिथे बरीच शूटिंग होतात म्हणे. काम मिळालं असेल, अशी आशा करते.

तू कमिटीकडे केलेली तक्रार माझ्या टेबलावर आली. "काळी डुप्लिकेट हजर असताना तिला काढून गोरीला रंगवलं." मजकूर चांगला लिहिला आहेस. पाकिटावर माझं नाव "मिसेस गिलरी, अध्यक्ष" असं आहे. अक्षर तुझं आहे.

कंपनीचं उत्तरही आलं. सांगायलाच नको: डुप्लिकेट वैद्यकीय कारणाने अपात्र होती, आणि हे खुद्द तिच्या आईने, युनियनच्या या कमिटीच्या अध्यक्षांनी, कळवलं होतं. वेळ थोडा होता, त्या देशात दुसरी काळी स्टंटबाई मिळत नव्हती, नाइलाज झाला. त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

मी त्या क्षणी या तक्रारीपुरती खुर्ची सोडली. सुनावणी सप्टेंबरात आहे. मला साक्षीला बोलावतील.

मी मानेचं खरं म्हणून सांगितलं तर तुझी तक्रार जागच्या जागी मरते आणि तुझी मान कायमची मोडते. खोटं म्हणून सांगितलं तर तक्रार उभी राहते, पण वीस वर्षं रंगकामाविरुद्ध ओरडणाऱ्या बाईने स्वतःच एका मुलीला रंगाच्या खुर्चीत बसवलं, हे सगळ्यांना कळेल. त्यांना फार बरं वाटेल. पुढच्या प्रत्येक तक्रारीला ते हे दाखवतील.

पर्सीकाकाला सल्ला विचारला. "खरं बोल," तो म्हणाला, "पण विचारतील तेवढंच. 'पुन्हा असं कराल का' असं कुणी विचारलं, तर खोकल्याची उबळ काढ."

"मला खोकला येत नाही."

"म्हणून तर तुला सहा वर्षं काम मिळालं नव्हतं गं."

मी खरं सांगणार आहे. त्यात मोठेपणा नाही. तुझ्या मानेवर मी एक गोष्ट ठेवली, ती मलाच उचलायला हवी. पूर्ण उचलली जाईल, असं मला वाटत नाही.

एनिकोला मी पत्र लिहिलं. तिथली भाषा येणारा माणूस शोधून लिहून घेतलं. तिच्या आईने उत्तर दिलं: मुलगी कुबड्या घेऊन चालते, कंपनीने दवाखान्याचा खर्च दिला, आणि तुम्ही कोण? तिला काय लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

ममा


१५ सप्टेंबर

कोरिन,

तुला आत बोलावण्याआधी काय झालं, ते तुला कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर गोड करून सांगतील.

प्रश्न विचारायला नवा अध्यक्ष होता. त्याला कमिटीवर मीच घेतलं होतं. माझ्याकडे बघायला त्याला लाज वाटत होती.

"मिसेस गिलरी, मानेची दुखापत खरी का?"

"खोटी."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तिच्या अंगात पॅड नव्हते."

"मॅडम, तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे. तुम्ही विचारत नाही, एवढंच."

डेल समोर बसला होता. काठी घेऊन चालतो आता. तो मध्येच म्हणाला, "अर्लिन, अगं, कपड्याचं मला आधी नीट सांगितलं असतंस..."

"सांगितलं होतं, डेल. सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं."

तो खाली बघायला लागला. त्याला आठवत होतं. घाबरट आहे, खोटारडा नाही. पण लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, "हे घ्यायचं का?" आणि अध्यक्ष म्हणाला, "तक्रार रंगकामाची आहे, कपड्यांची नाही." म्हणजे ते घेतलं गेलं नाही. बाकी घेतलं. माझ्या नावापुढे "खोटं बोलल्याचं कबूल" असं आहे. वाचून सही केली.

कुणीतरी विचारलंच. पुन्हा असं कराल का? मला खोकला आला नाही. मी म्हटलं, "पॅड नसतील तर हो." तुझ्या तक्रारीला त्याचा उपयोग झाला नसणार. तुझा वकील डोळे मिटून बसला होता.

कंपनीला ताकीद देणारं एक पत्र जाईल. एवढंच. सिनेमा मे महिन्यात येईल. मी राजीनामा दिला. तो त्यांनी फार पटकन घेतला.

बाहेरच्या बोळात तू माझ्या बाजूने गेलीस. "बारीक झालीयस, ममा," म्हणालीस. थांबली नाहीस. मी काहीतरी बोलले, ते तुला ऐकू गेलं नसावं. महत्त्वाचं नव्हतं. जेवलीस का, असं विचारलं.

ममा


४ फेब्रुवारी २०१८

कोरिन,

लॉनी आला होता. चहा न घेता बसला, म्हणजे काहीतरी आणलं होतं.

तुला काम मिळालं. अटलांटात, मोठ्या सिनेमाचं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली मेजवानीच्या टेबलावर पाठीवर पडायचं, काचेच्या भांड्यांत. संध्याकाळचा लांब झगा, पाठ उघडी. मी विचारण्याआधीच त्याने झग्याचं सांगितलं. लॉनी मला आता ओळखतो.

"तिने पॅडचं विचारलं का?" मी म्हटलं.

"नाही, मिस अर्लिन."

"का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्यांनी तिला आधी मानेचंच विचारलं. कमिटीचा कागद दाखवला तरी म्हणाले, कागद ठीक आहे, पण तुला स्वतःला कसं वाटतंय? मग ती म्हणाली, सगळ्यात अवघड काय आहे ते द्या. तेव्हा त्यांनी हे दिलं."

म्हणजे असं झालं. उचलायला गेले आणि दुप्पट ठेवून आले. ज्या मानेवर एकदा शंका आली, ती मान पणाला लावल्याशिवाय शंका फिटत नाही, हे या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. तू पॅड मागितलेस तर म्हणतील, दुखतंय वाटतं. आता तू कधीच मागू शकणार नाहीस. जिन्यावर तरी तू मागून पाहिले होतेस.

त्या सिनेमाचा स्टंट मास्टर माझ्या हाताखाली शिकला आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. पर्सीकाका म्हणाला, "कर फोन, दुसरं काहीतरी सांग." विल्मा म्हणाली, "हात तोडीन तुझा." मी विल्माचं ऐकते आहे. फोन करणार नाही. तुला हे कळावं, म्हणून पत्र लिहिते आहे, दुसरं काही नाही. तिथे तुझ्या पाठीमागे कुणी काही बोलेल, अशी धास्ती मनात ठेवून गॅलरीच्या कठड्यावर उभी राहू नकोस. लक्ष टेबलावर ठेव. हनुवटी छातीला. श्वास बाहेर.

लॉनी तारीख सांगायला लागला, तेव्हा मी हात वर करून त्याला थांबवलं. तारीख कळली असती, तर तो एक दिवस मी घरात येरझाऱ्या घालून कसाबसा काढला असता. पण तारीख कळली, की माझा हात फोनकडे जाणार. मी मला ओळखते.

म्हणून तूही कळवू नकोस. आता रोज सकाळी उठले की मी असंच धरून चालते की आज आहे.

ममा